तेराशे मीटरवरचं घर

"मॅडम, तुम्ही घरी का जात नाही?"

ऋजुताने एकदाचं विचारून टाकलं. पैजच तशी होती. विचारलं नाही तर आठवडाभर सगळ्यांचे पाणसूट तिने धुवायचे. आणि ल्हामोच्या सूटमध्ये काय काय होतं, ते पाण्याखाली तिच्या शेजारी पोहणाऱ्यालाच माहीत! दाराआड ल्हामो आणि सेलाम तोंड दाबून हसत होत्या.

मालदीवच्या त्या प्रवाळ-लागवड केंद्रात या तिघीच उमेदवार पाणबुड्या. अकरावीची परीक्षा संपली आणि भिलारची ऋजुता थेट इथे आली. वर्गात फळ्यासमोर जायला जी घाबरायची, ती आता चाळीस मीटर खोल जाऊन प्रवाळाची रोपं लावत होती. बाबा शेतात स्ट्रॉबेरी लावतात ना, अगदी तशीच!

केंद्रप्रमुख डॉ. वनिता येवले यांनी हातातली परीक्षानळी खाली ठेवली. "कोणी शिकवून पाठवलं तुला?"

"कोणी नाही." दाराआडून खिदळणं ऐकू आलं.

"बस. डुबकीआधी सुई टोचतो, त्यात काय असते?"

"वायुकण!" ऋजुता घडाघडा सांगू लागली. "खोल पाण्यात दाबामुळे रक्तात वायू विरघळतो. झटकन वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. म्हणून जुने पाणबुडे थांबत थांबत वर यायचे. वायुकण तो वायू धरून ठेवतात, म्हणून आपण सरळ वर येतो."

"अन् समुद्रसपाटीच्याही वर गेलं तर?"

"हवेचा दाब कमी, म्हणजे कण वायू सोडणार. पण ते महिनाभरात शरीराबाहेर पडतात ना?"

"माझे नाही पडले. हाडांच्या मज्जेत रुतले. माय आजारी होती म्हणून विमानात बसले. विमान वर चढलं अन् सांध्यासांध्यांत अशी कळ, की खाली उतरवावं लागलं. माय गेली. मी इथंच." मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. "डॉक्टर म्हणाले, लाखात एखाद्याला होते."

दाराआडचं हसणं थांबलं होतं.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"चिखलदऱ्याची."

ऋजुता थबकली. "चिखलदरा डोंगरावर. भिलार डोंगरावर. ल्हामो सिक्कीमची, सेलाम इथिओपियाच्या पठारावरची. मॅडम, आमच्यात एकही किनाऱ्यावरची का नाही?"

"विरळ हवेत वाढलेल्यांची मज्जा भराभर रक्त बनवते. जास्त रक्त, तेवढा जास्त वेळ डुबकी. म्हणून मीच सुचवलं होतं, की उमेदवार..." मॅडमचा चेहरा पांढरा पडला.

"भराभर रक्त बनवणारी मज्जा," ऋजुता हळूच म्हणाली, "कणही भराभर ओढून घेणार."

खात्री करून घ्यायला विरळदाब कक्षात आधी तीच बसली. जाड काच लावलेली लोखंडी खोली. आतली हवा काढत नेली, की शरीराला वाटतं आपण डोंगर चढतोय. डोळे मिटून ती मनातल्या मनात महाडहून घरी निघाली. पोलादपूर आलं. आता आंबेनळी घाट, मग महाबळेश्वर, मग... घाटाचं पहिलं वळणही आलं नव्हतं, तोच कोपरात कळ उठली.

काचेपलीकडून मॅडमनी अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारलं, ठीक? पाण्याखाली ही खूण तिने दर वेळी आनंदाने तशीच परत केली होती. आज तिने पंजा आडवा धरून डुलवला. बिघडलंय.

"पन्नास मीटर उंचीवरच," मॅडम म्हणाल्या. भिलार तेराशेवर.

ल्हामो आणि सेलामचंही तेच निघालं. तिघी एकमेकींना घट्ट धरून बसल्या. सूट कोणीच धुतले नाहीत.

"काहीच उपाय नाही?" ऋजुताने विचारलं.

"आहे. डुबकी कायमची सोडली तर कण झिजतात. दर वर्षी आणखी पन्नास मीटर वर जाता येते. पण मधे एकदा जरी पाण्यात खोल उतरलीस, सुई घेऊन वा न घेता, तर पुन्हा पहिल्यापासून."

"मग तुम्ही का नाही सोडली?"

"माय गेल्यावर वर कोण होतं माझं? अन् खाली तर इतकं सारं होतं."

ऋजुता धक्क्यावर जाऊन बसली. खाली तिचं प्रवाळ नुकतंच गुलाबी व्हायला लागलं होतं. पुढच्या वर्षी तिला स्वतःची तुकडी मिळणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती कशात तरी सगळ्यांच्या पुढे होती. पोटभर रडून तिने फोन लावला.

"काय गं, पाणकोंबडे!" बाबा ओरडले. "कधी येतेस?"

"जेवलीस का?" मागून आई.

तिने सगळं सांगितलं. बाबांनी शेतातला पंप बंद केल्याचं फोनमधून ऐकू आलं.

"अगं, पण घाट तर दोन तासांचा आहे," बाबा म्हणाले.

"मला पंचवीस वर्षं लागतील, बाबा."

"मग तिथंच राहा." आई म्हणाली. "तुझ्या जिवाभावाचं काम आहे ते. आम्ही येऊ की तिकडे."

"नाही आई. मी ठरवलंय. मी पाणी सोडतेय. जुने पाणबुडे यायचे ना, तशी येईन, थांबत थांबत. बोटीने मुंबई, तिथून पोलादपूर. घाटाच्या पायथ्याशी एक खोली बघून ठेवा. पुढच्या वर्षी ती पहिल्या वळणावर लागेल."