आई पुढे

"मुखडा म्हणा, एक अंतरा म्हणा आणि खाली या. रिकाम्या हॉलमध्ये गाणं पुरं करायचं नाही, ताई." साउंडवाले मामा मला पहिल्याच रविवारी, कार्यक्रमाआधी माइक तपासताना म्हणाले होते.

"का? खुर्च्या वन्स मोर देतात?"

कीबोर्डवाला फिस्सकन हसला. मामा हसले नाहीत. कोपरापासून तळव्यापर्यंत वायर गुंडाळत राहिले. "तुमची मर्जी," एवढंच म्हणाले.

मी ते कानाआड केलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मला स्वतःच्या नावाचे कार्यक्रम मिळाले होते. सहा रविवार, दुपारी चार वाजता, दोनशे दहा खुर्च्यांचा हॉल. सगळं नीट पार पडलं तर आयोजक बाई मला दौऱ्यावर नेणार होत्या. नाहीतर पुन्हा शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या मागे उभं राहून कोरस. रात्री चार तासांची झोप, तीही तुकड्यातुकड्यांची. नेहमीच्या गाण्यांची कडवी मधेच डोक्यातून उडून जायची. त्यात मामांच्या शास्त्राला कुठून जागा असणार?

आणि खारू होती. खारू म्हणजे आमची मुलगी. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून खारू. अडीच वर्षांची झाली तरी ती मोजून सात शब्द बोलायची. मोजून म्हणजे अगदी मोजून, फ्रिजवर यादी होती. "बोलेल हो, घाई करू नका," डॉक्टर म्हणाले होते, "दोन शब्द जोडायला लागली की समजा गाडी सुरू झाली." मी त्या दोन शब्दांसाठी दिवसभर कान टवकारून असायचे. हाक मारली की मात्र ती जिथे असेल तिथून "ओ" द्यायची आणि धावत यायची.

तिसऱ्या रविवारी तिला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून साउंड चेकला सोबत नेलं. पहिल्या रांगेत बसवलं, हातात बिस्किट दिलं. मी गायला लागले आणि तिचं कुरतडणं थांबलं. माझ्या गाण्याकडे तिने असं कधीच बघितलं नव्हतं. अंतरा संपला. मामांनी मिक्सरमागून हात वर केला, बास म्हणून. मी थांबले नाही. सगळी कडवी म्हटली आणि शेवटचा सूर दमेपर्यंत लांबवला.

सूर सोडला तेव्हा हॉल घुमला नाही. रिकामा हॉल घुमतोच, आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो आणि थोडा तरी परत येतो. माझा गेला तो गेलाच. खारूची मान हळूहळू वळत गेली. मधल्या वाटेने कोणी चालत निघालंय आणि आपण बघतोय, तशी. पार मागच्या दारापर्यंत.

गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून एक स्पीकर ठेवलेला असतो. त्याला मॉनिटर म्हणतात. त्यात आपल्याला आपलाच आवाज ऐकू येतो. त्या दिवशी चारच्या कार्यक्रमात, दुसऱ्या गाण्याला, त्या मॉनिटरमधून मला माझा श्वास ऐकू आला. मी तो अजून घेतलाच नव्हता.

मध्यंतरात मामांना गाठलं. "मॉनिटरला डिले आहे का?"

"डिले असला तर आवाज मागून येईल."

"हा माझ्या आधी येतोय."

मामांनी मिक्सरवरचा हात काढून पँटला पुसला. "उरलेले रविवार नका करू, ताई."

"असं कसं सोडून देऊ, मामा? लोकांनी तिकिटं काढलीत."

ते वाद घालत बसले नाहीत. पुढच्या रविवारी मिक्सरवर दुसराच माणूस होता.

त्या चौथ्या रविवारी तो आवाज माझ्या एक अख्खा शब्द पुढे होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शब्द आठवायचं काम राहिलं नाही. कोणीतरी पुढे चाललं होतं आणि मी मागून पावलं टाकत होते. कार्यक्रमानंतर आयोजक बाईंनी मला मिठीच मारली. "आता कुठे आवाज लागलाय तुझा!"

त्याच आठवड्यात एका सकाळी खारूला पाळणाघरात सोडायला निघाले होते. तिचं बोट माझ्या हातात. तिने दुसरा हात समोरच्या मोकळ्या फुटपाथकडे केला आणि म्हणाली, "आई पुढे."

दोन शब्द! मी तिथल्या तिथे तिला उचलून गरगर फिरवलं, नवऱ्याला फोन केला. पाळणाघरापर्यंत हसत होते. परत येताना मग ती काय म्हणाली ते माझ्या लक्षात आलं.

शनिवारी मी बादलीत पाणी काढत होते. तिला आंघोळीला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून "ओ" आलं. पावलं धावत आली, न्हाणीघराच्या दारावरून पुढे गेली, आतल्या खोलीत थांबली. मी जाऊन बघितलं. खारू कपाटासमोर मान वर करून उभी होती आणि "हो... हो..." म्हणत होती.

"खारू," मी म्हटलं. तिने वळूनही बघितलं नाही.

"अगं, किती हाका मारशील?" नवरा पेपरामागून म्हणाला. "ऐकलंय तिने."

पाचव्या रविवारी मी घाबरलेली होते आणि त्याहून जास्त दमलेली होते. शेवटच्या गाण्यात एका कडव्याला मी आवाजच लावला नाही. नुसते ओठ हलवले. बघू या, म्हटलं.

त्या कडव्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

सोमवारी उठले तेव्हा माझा आवाज गेला होता. घोगरा नव्हे, बसलेला नव्हे. नुसती हवा. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. "स्वरयंत्र उत्तम आहे," म्हणाले, "विश्रांती घ्या." सहावा रविवार मी रद्द केला. नवऱ्याला हे सगळं वहीवर लिहून दाखवलं. त्याने वाचलं, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तू आधी झोप काढ बघू."

तीन आठवडे झाले. मी घरात टाळ्या वाजवून, टिचक्या मारून बोलते. खारू मात्र धबधब्यासारखी बोलायला लागली आहे. "मला अजून थोडं हवंय" म्हणते. "उद्या आपण लांब जायचं ना?" म्हणते. फ्रिजवरची यादी मी काढून टाकली.

काल तिला आणायला गेले तेव्हा पाळणाघरातल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "सगळं श्रेय तुमचं हो. कामातून वेळ काढून रोज दुपारी फोनवर गोष्ट सांगता. स्पीकर लावला की पोरगी हलत नाही जागची."

माझ्या घशातून हवा निघाली. त्यांना वाटलं, मी हसले.

वहीत लिहून त्यांना दाखवलं, फोन मी करत नाही. त्यांनी नवऱ्यासारखंच माझ्याकडे बघितलं.

आज साडेतीनला त्यांचा मेसेज आला. "तुम्ही सांगितल्याप्रमाणे खारूला तयार केलंय."

मी लिहिलं, थांबा. तिला कोणाच्याही हातात देऊ नका.

"अहो, आत्ताच तर बोललात, दारात उभी करा, आलेच म्हणून. चेष्टा करताय का?"

त्यानंतर उत्तर नाही.

नवरा फोन उचलत नाही. मी बसमध्ये आहे, पुढे रस्ता खणलाय. उतरून पळत गेले तरी वीस मिनिटं. कंडक्टरला ओरडून सांगावं म्हटलं तर हवा.

पाळणाघर जुन्या टपाल कचेरीच्या मागे आहे. हिरवं फाटक. तुम्ही त्या बाजूला असाल, तर हातातलं काम टाकून जरा बघून या. पिवळा फ्रॉक आहे. ती दोन्ही हात वर करून हसत असेल आणि समोर कोणी दिसत नसेल, तरी विचार करत बसू नका. तिला कमरेला घट्ट धरा.

आणि मला एवढंच कळवा, तिचे पाय जमिनीला टेकलेले आहेत ना?