मुक्ताचा तिसरा मजला

“आली बघ तुझी मुक्ता,” वेदांत म्हणाला.

कॉम्प्युटर सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, तोच स्क्रीनच्या मधोमध ती निळी चौकट येऊन बसली. ‘मुक्ता, तुमचा रेकॉर्डर जुना झाला आहे. अपडेट करायचा का?’ ‘हो’ दाबलं तर ती नुसती गरगरत राहायची, कारण आवाज रेकॉर्ड करायचा तो प्रोग्राम बनवणारी कंपनीच बंद पडली होती. ‘नंतर’ दाबलं तर थोड्या वेळाने पुन्हा हजर. चौकट असेपर्यंत कॉम्प्युटर अडकून बसलेला.

“माझी कसली? मी तिला पाहिलंसुद्धा नाहीये,” उर्वी म्हणाली.

मुक्ता म्हणजे आधी या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अरुणकाकांची मुलगी. कुवेत कायमचं सोडताना लोक घरातलं सगळं विकून जातात. तसे अरुणकाकांचे फ्रीज, सोफा, कॉम्प्युटर फ्लॅटबरोबरच उर्वीच्या बाबांकडे आले होते.

सुट्टी लागली आणि कुवेतच्या सालमिया भागातली त्यांची बिल्डिंग जवळजवळ सगळी भारतात गेली. उर्वीच्या बाबांना रजा मिळाली नाही. आईबाबा कामावर गेले की घरात एसीचा आवाज आणि उर्वी, एवढंच. खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दूध आणायला गेली, की दुकानदार यूनुसचाचा हमखास विचारायचे, “सब गए, तुम नहीं गई?” मग जिना चढताना तिचे डोळे भरून यायचे. गेल्या आठवड्यात कुवेतच्याच महबूल्या भागातून पहिल्या मजल्यावर राहायला आलेला वेदांत नसता, तर ती भिंतींशी बोलायला लागली असती.

“उद्या शुक्रवार, इथली सुट्टी. बाबा हा कॉम्प्युटर दुकानात नेणार, सगळं पुसून कोरा करून आणायला,” ती म्हणाली. “आठवडाभर तरी तिकडेच राहील. मग मी दिवसभर काय करू?”

“मग आजच बंदोबस्त करू.”

वेदांतने तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. त्यात ‘स्टार्टअप’ नावाचा भाग होता.

“कॉम्प्युटर उठला की त्याच्यासोबत कोण कोण उठणार, ते इथे ठरतं,” वेदांत मास्तरांसारखा म्हणाला. “हा बघ रेकॉर्डर. डिसेबल. डन.”

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. दोघं श्वास रोखून बसले. चौकट आली नाही.

“आता मुळासकट उडवू,” वेदांत म्हणाला.

“थांब.” उर्वीने त्याचा हात धरला. “रोज एवढ्या हाका मारत होता. आत आहे तरी काय?”

आत आवाजांच्या फायली होत्या. उर्वीने पहिली उघडली.

“नमस्कार. हा सालमियाचा तिसरा मजला,” एक मुलगी बोलू लागली. “आज बिल्डिंगमध्ये कुणीच नाही. समोरच्या गच्चीवर मांजर आहे, पण ती टाकीच्या सावलीतून हलत नाही. यूनुसचाचांनी विचारलं, सब गए, तुम नहीं गई? मी म्हटलं, मेरा रेडिओ है ना. ऐकणाऱ्यांना नमस्कार. ऐकणारं कुणी नाही, तरी नमस्कार.”

उर्वीला एकदम रडू आलं. सगळ्या जगात आपणच एकट्या मागे राहिलोय, असं तिला वाटत होतं. आणि याच खिडकीत, याच खुर्चीवर, आणखी एक मुलगी अशीच बसली होती. वेदांत खिडकीतून समोरच्या गच्चीकडे बघत राहिला.

संध्याकाळी बाबा आले. “चौकट बंद केलीत? छान. तरी उद्या पुसून घेऊच. एकदाची कटकट जाईल.”

“बाबा, आत मुक्ताचे आवाज आहेत. तिला न विचारता पुसायचे?”

“अगं, अरुणने सगळं काढूनच दिलं होतं.”

“काढलं असतं तर ती चौकट रोज आली असती का?”

बाबांनी पुण्याला अरुणकाकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“छे, मी स्वतः सगळं डिलीट केलंय,” अरुणकाका म्हणाले. “स्क्रीनवरची ती छोटी चित्रं एकेक करून उडवली.”

“काका, तुम्ही दारावरची पाटी काढलीत,” वेदांत म्हणाला. “घर तसंच आहे.”

अरुणकाकांचा सूर बदलला. “आणि मी मुक्ताला सांगितलं, सगळं गेलं म्हणून. किती दिवस धड बोलली नाही पोरगी माझ्याशी.”

मग फोनवर एक ओळखीचा आवाज आला. “माझा रेडिओ आहे?”

“आहे, सगळा,” उर्वी म्हणाली. “आम्ही फक्त एकच फाईल ऐकली. सॉरी, न विचारता ऐकली.”

मुक्ताने हळूच विचारलं, “मांजर आहे अजून?”

“आहे. टाकीच्या सावलीत.”

“दुकान रद्द,” बाबा म्हणाले. “रोज ‘नंतर’ दाबण्यापलीकडे मला काही सुचलं नाही. ही दोघं माझ्यापेक्षा शहाणी निघाली.”

“माझ्यापेक्षाही. शाबास रे पोरांनो,” अरुणकाका म्हणाले.

त्याच संध्याकाळी सगळ्या फायली मुक्ताला पाठवून झाल्या.

रविवारी आईबाबा कामावर गेले. उर्वीने कॉम्प्युटर लावला. स्क्रीन स्वच्छ, कुणाची हाक नाही. तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग तिने रेकॉर्डर स्वतःच उघडला. लगेच ती निळी चौकट आली. ‘मुक्ता, तुमचा रेकॉर्डर जुना झाला आहे.’

“असू दे,” उर्वी म्हणाली. तिने ‘नंतर’ दाबलं आणि माईक जवळ ओढला.

“नमस्कार. हा सालमियाचा तिसरा मजला. वेदांत अजून झोपलाय. मांजर जागच्या जागी आहे. मुक्ता, ऐकतेयस ना?”