खारदेवीचे हिरवे अश्रू

"सम्यक, मागे वळू नकोस," करिश्मा कुजबुजली. "देवी रडतेय."

"हॅ! भर दुपारी घाबरवायला निघालीस?" असं म्हणत सम्यक वळलाच. 

कोलशेतच्या खारदेवीच्या देवळात चिटपाखरू नव्हतं. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं, आत मात्र गार अंधार होता. चौथऱ्यावर देवीचा जुना पितळी मुखवटा होता. पण त्याचे गाल पिवळे कुठे होते? रक्त उतरल्यासारखे तांबडे झाले होते! आणि डाव्या डोळ्यातून एक हिरवा थेंब अगदी सावकाश गालावर उतरत होता.

टप्!

"चार दिवस असंच चाललंय," करिश्माचा भाऊ हर्षित म्हणाला. "देवळाचा कारभार बघणारे गोपीनाथकाका म्हणतात, देवी कोपली. आज संध्याकाळी भरतीला मुखवटा खाडीत सोडणार."

"आणि सगळा राग शेवंतीआजीवर!" करिश्मा चिडून म्हणाली. "तिनेच काहीतरी चुकीचं लावलं म्हणतात. तिला देवळात यायलाही बंदी केलीय."

शेवंतीआजी बाहेर पायरीवरच बसली होती. "चाळीस वर्सां मी देवीला चिंचेनं घासतंय रे पोरांनो," ती मान खाली घालूनच म्हणाली. "असा कवाच नाय झाला."

सम्यकला राहवेना. तो सुट्टीत डोंबिवलीहून मामाकडे, म्हणजे करिश्मा-हर्षितच्या घरी आला होता. तो मुखवट्याजवळ गेला. देवीखालच्या लाल कापडाचं टोक त्याने चिमटीत धरलं, तर तुकडाच हातात आला! कापडाला बारीक बारीक भोकं पडली होती.

"अरे, माझ्या बाबांच्या शर्टांना अशीच भोकं पडतात!"

सम्यकचे बाबा, सहदेव, मानपाड्याला धातूच्या वस्तूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यात कामाला होते. त्याने लगेच मामाच्या फोनवरून त्यांना गाठून सगळं सांगितलं.

"हे तेजाबाचं काम दिसतंय, म्हणजे ॲसिडचं," बाबा म्हणाले. "पितळात तांबं आणि जस्त असतं. तेजाबात जास्त वेळ राहिलं की जस्त निघून जातं, वर तांबं उरतं. म्हणून लाल! आतल्या खाचेत तेजाब साचलं असेल, तर तेच तांबं विरघळून हिरवं होऊन गळतंय. खात्री करायचीय? थेंबाखाली खायचा सोडा ठेवा. आणि खबरदार, कुणी बोट लावू नका!"

करिश्मा धावत जाऊन बशीभर सोडा घेऊन आली. बशी देवीखाली सरकवून तिघं दबकून बसली.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. लाल चेहरा त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. मग पापणीआड काहीतरी चमकलं. थेंब फुगला, लोंबला...

फस्स्स!

तिघंही ताडकन मागे उडाली!

"फसफसला!" हर्षित ओरडला. "अश्रू कधी फसफसतात का?"

"नाही. पण देवीला तेजाबात बुडवलं कुणी?" करिश्मा विचारात पडली. "गावात एवढं तेजाब कुठलं? कुणीतरी गाडीतून बाहेर नेली असणार..."

पाच वाजता गाव जमलं. मुखवटा गुंडाळायला गोपीनाथकाका पुढे आले, तर दारात तिघं आडवी!

"काका, आधी हे बघा!"

बशीत पुन्हा थेंब फसफसला. बायकांनी पदर तोंडाला लावले. सम्यकने भराभर सगळं सांगितलं.

"पोरखेळ आहे हा!" काका गुरकावले. "त्या शेवंतीनेच ओतलं असेल काहीतरी."

"कुणी केलं ते कळेलच," करिश्मा शांतपणे म्हणाली. "मुखवटा ज्या गाडीतून आणला, तिच्या सीटवर तेजाब सांडलं असेल. एव्हाना सीटची चाळण झाली असेल!"

"अरे बापरे, माझी नवी गाडी!" काका ओरडले आणि दोन पावलं धावलेसुद्धा.

मग जागीच थिजले. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं.

"जत्रेआधी चकाचक करून आणावा म्हटलं," ते पुटपुटले. "एका कारखान्यात टाकीत बुडवून घेतला. घाईत नीट धुतला नाही. लाल झालेला बघून घाबरलो... आणि गप्प बसलो."

"आणि बोलणी मी खाल्ली!" शेवंतीआजी उठून उभी राहिली. आता तिची मान ताठ होती.

काकांनी सगळ्यांसमोर तिचे पाय धरले.

मग बाबा फोनवरून सांगत गेले आणि कामाला जोर आला. मुखवट्यावर आणि त्याच्या आतल्या खाचांत सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, पुन्हा साधं पाणी. दहादा धुतल्यावर आजीने चिंचेचा कोळ आणि चाळलेली राख मागवली. घासायला बसवलं गोपीनाथकाकांना!

"हळू! देवी हाय ती, टोप नाय!" आजी दरडावली, आणि सगळे खो खो हसले.

दिवेलागणीला वरचा तांब्याचा थर निघून नाकाच्या शेंड्यावर पिवळी झाक उमटली. मग कपाळावर, मग हनुवटीवर. गालांवर थोडा तांबूसपणा राहिलाच. पुन्हा धुऊन, कोरडा करून मुखवटा चौथऱ्यावर बसवला. सगळ्यांची नजर डाव्या डोळ्यावर खिळली होती.

एक मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. डोळा कोरडा होता.

"झाला! रडायची थांबली माय!" आजीने तिघांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "मोठे नुसते घाबरले. डोकी चालवली ती या लेकरांनी!"

आणि चार दिवस गप्प असलेला देवळातला ढोल दणाणून वाजू लागला.