चौथी चौकट

आधी पट्टी दिसली, मग पट्टी धरणारा.

शिवून झालेले कपडे पोचवायला धाकटी घाईघाईने निघाली होती. फ्रेमच्या दुकानातून एक जण खांद्यावर लांबलचक लाकडी पट्टी घेऊन बाहेर पडला, आतून कुणी हाक मारली म्हणून गर्रकन वळला, आणि पट्टीचं टोक नेमकं हिच्या पिशवीच्या बंदात अडकलं.

"थांबा! हलू नका," तो म्हणाला.

"मी कुठे हलतेय? तुमची पट्टी हलतेय."

त्याने बंद सोडवला आणि पट्टीला ओरखडा तर गेला नाही ना, ते निरखून पाहिलं.

"मला लागलं का, तेही विचारा की!"

"विचारणारच होतो…" त्याचे कान लाल झाले. "लागलं का?"

लागलं नव्हतं. पण धाकटीचं लक्ष आता दारावरच्या पाटीकडे गेलं होतं. दुकान हलवत होते, आणि उरलेल्या पट्ट्या स्वस्तात काढायच्या होत्या.

घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. लहानपणापासून ताईबरोबर एका खोलीत राहिलेली. ताई लग्न होऊन गेली, खोली हिच्या एकटीची झाली, आणि ताईच्या फोटोंशिवाय ती भिंत अगदी बोडकी दिसू लागली. एकदा पडद्यांची मापं घ्यायला एका मोठ्या घरी गेली असताना तिने तिथल्या भिंतीवर पट्ट्यांच्या उठावदार चौकटी पाहिल्या होत्या. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच घोळत होतं.

"चार चौकटी हव्यात," ती म्हणाली. "शेजारी शेजारी, थेट भिंतीवर."

"आत काय लावणार? फोटो?"

"काही नाही."

"आरसा?"

"काही… नाही."

फ्रेमवाल्याने कानामागची पेन्सिल काढली, डोकं खाजवलं, परत ठेवली. उभ्या जन्मात त्याने 'काही नाही'साठी चौकट केली नव्हती.

"पण या पट्ट्या एकसारख्या नाहीत. कुणाला नक्षी, कुणाला नुसती खाच."

"असू दे ना. भिंतीचाच रंग पट्ट्यांनाही द्यायचा. मग नक्षी कोण बघतं? दिसते ती नुसती सावली."

तो तिच्याकडे बघत राहिला. पट्टीकडे बघायचं विसरूनच गेला.

"दुकान कुठे नेताय?" तिने विचारलं.

"नदीपलीकडे. एक तारखेपासून."

धाकटीला उगाचच वाईट वाटलं. ओळख होऊन चहा निवण्याइतकाही वेळ झाला नव्हता, आणि वाईट कसलं वाटायचं? पण वाटलं खरं.

कापड कापण्याआधी कागदावर बेतायची तिला सवय. म्हणून तिने वर्तमानपत्रांचे चार लांबोळके तुकडे कापून भिंतीवर चिकटवले आणि त्यांचंच माप फ्रेमवाल्याला दिलं.

"आता भिंतीला झगा शिवणार वाटतं!" आई म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी तीच खिडकीतून ओरडली, "अगं, ये लवकर! तुझी भिंत चालत आलीय."

फ्रेमवाला जोडलेली चौकट गळ्यात अडकवून भर रस्त्यातून येत होता. पोरं मागे लागली होती, आणि तो ऐटीत चालला होता.

तिने विचारलं म्हणून त्याने कोपरा दाखवला. "दोन्ही पट्ट्यांची टोकं तिरकी कापायची. एकसारखी तिरकी. एक जरा चुकली, की मध्ये फट."

"म्हणजे दोघांनीही थोडं वाकायचं."

"हो," तो म्हणाला, आणि गोंदाचं टोपण शोधू लागला. ते त्याच्याच हातात होतं.

मागून गोंद, आणि तो वाळेपर्यंत धरून ठेवायला बारीक खिळे. रोज एक चौकट. रोज तोच प्रश्न.

"कॅलेंडर लावणार?"

"मुळीच नाही!"

"मग सांगा ना. मला कामात चैन पडत नाही हो."

"मलाच माहीत नाही, तर सांगू काय?"

तीन चौकटी लागल्या. चौथी त्याने भिंतीला धरली, आणि ती सरळ खिडकीवर गेली. पुन्हा धरली. पुन्हा खिडकीवर.

त्याचा चेहरा पडला. "काकू, असं माझ्याकडून कधी होत नाही. आम्ही फ्रेमवाले आतलं माप धरतो, कारण चित्र आत बसलं पाहिजे. यांनी दिलं होतं बाहेरचं. प्रत्येक चौकट पट्टीच्या रुंदीने दोन्हीकडे वाढली." मग धाकटीकडे वळून म्हणाला, "आत काही नाही म्हणालात, तरी हाताने आतलंच माप धरलं."

"होतं असं," आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," धाकटी हळूच म्हणाली. "चौकट कागदाच्या बाहेर गेली होती."

"मग बोलला का नाहीत?"

तिने एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. उलगडला. परत गुंडाळला. "चारही नीट बसल्या असत्या… तर आज तुमचं काम संपलं असतं."

तो चौथी चौकट उचलून ती दारावर बसते का ते बघू लागला. मग शिलाई मशीनच्या वर. मग ती छातीशी धरून खोलीच्या मधोमध उभा राहिला, चेहरा नेमका चौकटीत.

"आता ही कुठे लावू?"

"थांबा," ती म्हणाली. "हलू नका."

"मी कुठे हलतोय?"

"रोज विचारत होता ना, आत काय लावणार?" तिचा आवाज जरासा अडखळला. "आत्ता कळलं."

चौकटीतले कान पुन्हा लाल झाले.

"मग… रोज येऊन असं धरून उभं राहू?"

"रोज नको, हात दुखतील. अधूनमधून या. नदी काही फार रुंद नाही."

"नाहीच मुळी," तो म्हणाला. "कालच सायकलने जाऊन-येऊन पाहिलं. तुमच्या दारापासून."

"अगं, चहा दोघींचाच ना? की ते थांबतायत?" आईने आतून विचारलं.

"थांबतोय, काकू!" फ्रेमवाला म्हणाला. चौकट मात्र त्याने अजून खाली ठेवली नव्हती.