रोजची चार मिनिटं

बस घसरली नसती तर काहीच झालं नसतं, असं ओदिल आजही म्हणते. ल लोक्ल या डोंगरगावाच्या उतारावर डिसेंबरात बस घसरायचीच, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण त्या सकाळी शेजारी उभ्या असलेल्या एका किडकिडीत तरुणाचं कोपर तिच्या हातावर आदळलं, हात लोखंडी दांड्यावर आपटला आणि मनगटावरच्या आजोबांच्या घड्याळाची काच तडकली. ती काही बोलणार एवढ्यात त्याने तिचा हात उचलून सरळ आपल्या कानाला लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. सगळी बस त्या दोघांकडे बघत होती.

"चालतंय," तो म्हणाला. "काच मी बसवून देतो. चर्चमागे घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे ना, ते माझंच... म्हणजे मामाचं. मी बेनुआ."

"घड्याळ नंतर द्या," ओदिल म्हणाली, "आधी हात द्या परत."

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. ओदिलला ते लाल कान फार आवडले, आणि आवडले म्हणून दिवसभर स्वतःचाच राग येत राहिला.

ओदिल तेव्हा बावीस वर्षांची होती. गावातल्या घड्याळांच्या कारखान्यात, मोठ्या खिडक्यांना लागून बसणाऱ्या वीस बायकांमध्ये तिचं टेबल होतं. घड्याळातली केसासारखी स्प्रिंग जुळवून ते पुढेही पळणार नाही आणि मागेही पडणार नाही असं करायचं, हे त्या बायकांचं काम. पुरुषांच्या बोटांना हे जमायचं नाही, असं त्या पुरुषांच्या तोंडावर सांगायच्या.

त्यामुळे बेनुआने काच बसवून, साफसूफ करून दिलेलं घड्याळ रोज चार मिनिटं पुढे पळायला लागलं, तेव्हा तिने जेवणाच्या सुट्टीत त्याचं मागचं झाकण उघडलं. आतलं काम इतकं स्वच्छ होतं की नाव ठेवायला जागा नव्हती. झाकणाच्या आतल्या बाजूला, दुरुस्ती करणारा प्रत्येक जण कोरतो तशी, त्यानेही सुईने आपली खूण आणि तारीख कोरली होती. मग तिचं लक्ष वेग कमीजास्त करायच्या इवल्याशा दांडीकडे गेलं. ती दांडी केसभर सरकलेली होती, आणि एवढं नेटकं काम करणाऱ्याच्या हातून ती चुकून सरकणं शक्यच नव्हतं.

ते नीट करायला तिला एक श्वास पुरला असता. तिने झाकण लावलं, आणि शनिवारी केस धुऊन दुकानात गेली.

"चुंबक लागलं असेल," बेनुआ गंभीरपणे म्हणाला. "कारखान्यात विजेच्या मोटारी असतात ना जवळपास... घड्याळ पळतं मग."

ओदिलने घड्याळाजवळ होकायंत्र आधीच धरून पाहिलं होतं, आणि त्याची सुई जागची हलली नव्हती.

"असेल," ती म्हणाली.

मग दर शनिवारी तेच व्हायला लागलं. बाहेर बर्फ पडत असायचा, आत शेगडीवर कॉफी असायची, आणि तो बेकरीतून मनुका घातलेला गोड पाव आणून ठेवायचा, जणू काही सहज पडला होता तिथे. घड्याळ 'नीट' व्हायला तासभर लागायचा. भिंग डोळ्यावरून काढायला तो विसरायचा आणि तसाच तिच्याकडे बघत बसायचा.

"काढा ते भिंग. माझ्या नाकावरचे तीळ तेवढे दिसतील त्यातून."

"दोन आहेत," तो म्हणाला. "भिंगाशिवायही दिसतात."

त्या दिवशी घरी जाताना ती दोनदा घसरली आणि एकदाही चिडली नाही.

फेब्रुवारीत कारखान्यात नोटीस लागली. बॅटरीवरची घड्याळं आली होती. त्यांना ना स्प्रिंग, ना ती जुळवणाऱ्या बायका. खिडकीजवळची टेबलं मार्चअखेर उठणार होती. ज्यांना हवं त्यांना दूरच्या बिएन शहरातल्या नव्या कारखान्यात काम मिळणार होतं, मात्र उत्तर पुढच्या शनिवारी दुपारी बाराच्या आत द्यायचं होतं. त्याआधीच्या शनिवारी ओदिलने हे दुकानात बेनुआला सांगितलं आणि थांबली. 'जाऊ नकोस' एवढं त्याने म्हणावं, म्हणून तिचा जीव कानांत गोळा झाला होता.

त्याने चिमटा उचलला. "बिएनला... सरोवर आहे म्हणे. छान आहे म्हणे."

मग त्या दिवशी तो बराच वेळ तिच्या घड्याळात डोकं घालून बसला होता.

घरी रोज दुपारी रेडिओवर वेळेचा ठोका पडायचा. रविवारी तिने घड्याळ त्या ठोक्याशी ताडून पाहिलं, सोमवारी पाहिलं, बुधवारी पाहिलं. सेकंदाचाही फरक नव्हता. तिने झाकण उघडलं. आतल्या शनिवारांच्या तारखांच्या रांगेत शेवटची तारीख जरा खोल कोरलेली होती आणि तिच्याखाली एक सरळ रेघ होती, काम संपल्याची. वेळ अचूक दाखवणारं घड्याळ समोर धरून ओदिल ढसाढसा रडली.

रडून झाल्यावर तिला राग आला. तिने चिमटा घेतला आणि ती दांडी पार टोकाला ढकलून दिली.

शनिवारी साडेअकरा वाजता तिने घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं. "बिघडलंय."

"शक्यच नाही. या वेळी मी स्वतः..." तो थांबला. मग त्याने झाकण उघडून, भिंग लावून आत पाहिलं. रेघेखाली एक नवी खूण होती, बायकी हाताची, आणि शेजारी बुधवारची तारीख.

"चुंबकाने एवढी सरकत नाही दांडी," तो हळूच म्हणाला.

"नाही ना? मला डिसेंबरपासून तेच वाटतंय."

त्याचे कान लाल होत गेले. "म्हणजे... तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"दिवसाला चाळीस घड्याळं जुळवते मी. चार मिनिटं कळणार नाहीत होय मला?"

"मग नीट का नाही केलंत?"

"आणि तुम्ही या वेळी नीट का केलंत?"

बेनुआने भिंग काढलं. "वाटलं, माझ्या लबाडीपायी तुमचं पाऊल अडू नये. जायचं तर वेळ तरी बरोबर घेऊन जा..." मग तो एकदम म्हणाला, "ओदिल, जाऊ नकोस. गेल्या शनिवारीच म्हणायचं होतं. तोंडातून सरोवर निघालं."

ओदिल हसली आणि त्याच वेळी रडलीही. मग दुकानातल्याच फोनवरून, बाराला दहा कमी असताना, तिने बिएनला 'नाही' असं कळवलं.

तिचं टेबल त्याच्या टेबलाशेजारी, खिडकीपाशी आलं. दोघंही उपाशी मरतील असं गाव म्हणायचं, आणि काही हिवाळे खरंच तसे गेले. मग कधीतरी लोकांना खणांत टाकलेली वडिलांची घड्याळं आठवली, आणि चर्चमागच्या दुकानाची घंटा पुन्हा वाजायला लागली.

या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली. आजोबांचं घड्याळ अजून ओदिलच्या मनगटावर आहे. दर डिसेंबरात बेनुआ ते उघडतो, साफ करतो, तारीख कोरतो आणि दांडी केसभर सरकवून ठेवतो. दुपारी रेडिओवर ठोका पडला की तो टेबलावरून मान वर न करताच विचारतो, "किती?"

"चार मिनिटं."

"चुंबक लागलं असेल," तो म्हणतो. "शनिवारी आण, बघू."

त्याचे कान अजूनही लाल होतात.