गवारीची टोपली

“अमेरिकेत हे घडलं असतं तर मी त्यावर शोधनिबंध लिहिला असता,” सेजल चिडून म्हणाली. “इथे माझा मामेभाऊ कोठडीत आहे आणि कोणी ऐकून घेत नाही!”

महाडच्या खासगी गुप्तहेर सुरेखाताई शांतपणे ऐकत होत्या. पोलीस भलत्याच माणसाला कसे पकडतात, यावर सेजल अमेरिकेत संशोधन करत होती. ती सुट्टीत गावी आली आणि हे प्रकरण उद्भवलं. कापड्याच्या वळणावर एका मोटारसायकलस्वाराने गावातल्या रखमाकाकींना ढकलून त्यांची टोपली पळवली. टोपलीत सोन्याची माळ होती. पोलिसांनी मुंबईहून आलेल्या तिच्या मामेभावाला, स्वराजला उचललं. पूर्वी एकदा त्याला संशयावरून धरलं होतं; तो निर्दोष सुटला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

दोघी आधी साक्षीदार चिमाबाईंकडे गेल्या.

“तोंड दिसलं त्याचं?” सुरेखाताईंनी विचारलं.

“नाय गो, हेल्मेट होतं.”

“मग ओळखलंत कसं?”

“हवालदारानं मोबाइलात फोटू दावला. बोलला, ह्योच ना? मी बोलले, आसंल.”

“एकच फोटो दाखवला की माणूस हो म्हणतोच!” सेजल उसळली. “हेच तर मी फौजदारांना सांगितलं. ते म्हणाले, मग खरा चोर आणा.”

तिथून दोघी रखमाकाकींच्या घरी गेल्या. काकी कोपराला हळद लावून बसल्या होत्या.

“माळंचा फासा तुटलेला. सोनाराकडं चाललेले. भीतीपायी गवारीच्या शेंगांखाली लपवली. कमरेला पैशांचा बटवा होता, त्याला हात नाय लावला मेल्यानं.”

“कोणाला ठाऊक होतं?”

“घरातल्यांनाच. मी नि माझा पुतण्या, दोघंच.”

एवढ्यात त्यांचा पुतण्या चंदन आला. हातातलं हेल्मेट त्याने ओट्यावर ठेवलं.

“मीच सोडणार होतो काकीला,” तो म्हणाला. “पण बाइक कधीची बिरवाडीच्या गॅरेजात पडलेय. रिक्षानं फिरतोय. त्या मुंबईवाल्याला सोडू नका, मॅडम.”

सेजलने हताशपणे मान खाली घातली. सुरेखाताई मात्र ओट्यावर ऐसपैस बसल्या.

“काकी, गवारीसाठी कोणी माणूस पाडत नाही. बटवा सोडून टोपली ओढली, म्हणजे शेंगांखाली काय आहे ते चोराला ठाऊक होतं. स्वराजला ते कळणार कुठून? घरात तुम्ही दोघंच. आणि चंदन, रिक्षात बसायला हेल्मेट लागतं?”

“सवय हाय.”

“मग चल, गॅरेजवाल्यालाच विचारू.”

चंदनचा चेहरा उतरला. “आजीची माळ ती. वाटणीत आमच्याकडं यायची होती,” तो पुटपुटला. “गवताच्या उडवीत हाय.”

रखमाकाकींनी उडवीतून माळ काढून आणली. मग ठाण्यात गेल्या आणि सांगून आल्या, “माळ टोपलीत नव्हतीच, घरातच गावली. चूक झाली माझी.” चंदनचं नाव त्यांनी घेतलं नाही.

“हे खोटं आहे!” सेजल ओरडली.

“घरचा हाय गो तो,” काकी म्हणाल्या.

“आणि स्वराज कोणाचा?”

सुरेखाताईंनी फौजदारांना खरं काय ते सांगून पाहिलं. “माळ मिळाली ना? मिटलं,” ते म्हणाले.

कोर्टातून सुटून स्वराज बाहेर आला तेव्हा बाजार भरलेला होता. लोक वळून वळून बघत होते.

“दीदी, पीछेसे रस्ता नाही का?” त्याने हळूच विचारलं.

नव्हता. सेजलने त्याचा हात धरला आणि दोघं बाजारातून चालू लागले.