पहिल्या पानावरची दिलगिरी

पाऊस अचानक आला आणि रोवेनानं हातातला ‘वाडीवार्ता’चा अंक सरळ डोक्यावर धरला. गणपती होऊन गेले होते, म्हणून छत्री घरीच राहिली होती, आणि पापडीच्या बस थांब्याच्या छपराला त्या वर्षी पत्र्यापेक्षा भोकंच जास्त होती. शेजारी एक तरुण उभा होता. तो तिच्याकडे नाही, तिच्या डोक्यावरच्या कागदाकडे कळवळून बघत होता.

“पहिलं पान भिजतंय...” तो शेवटी म्हणाला.

“भिजू दे. त्यात काही दम नाही.”

“म्हणजे – कुठली बातमी?”

“ही, केळीच्या बागांची. नुकसान झालेल्या चौघांना विचारलंय, भरपाई देणाऱ्या एकालाही नाही. कोण हा अल्पेश भोईर, देव जाणे. माझ्या वर्गात असता तर पुन्हा लिहून आणायला लावलं असतं.”

“मग लावा ना,” तो म्हणाला. “मीच तो. सोमवारी आणून देऊ?”

रोवेनाचे कान लाल झाले. पण शब्द मागे घेणाऱ्यांतली ती नव्हती. “सोमवारी चालेल,” ती म्हणाली आणि आलेल्या पहिल्या बसमध्ये चढली. ती बस तिच्या गावाला जाणारी नव्हती, हे तिला पुढच्या थांब्यावर कळलं.

तेव्हा ‘वाडीवार्ता’ अजून कागदावर निघत असे. आता बातमी फोनवर येते, अंगठा वर की खाली एवढाच निवाडा, आणि तोही बातमी न वाचता. तेव्हा रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या फाटकाशी अंक विकला जाई आणि लोक तिथंच, उभ्या उभ्या, तो फाडून खात. संपादक आग्नेल सर हे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी एक रीत घालून दिली होती. दर महिन्याला त्यांच्या अंगणात वाचकांची सभा भरायची. पाच वाचक पंच म्हणून बसायचे. ज्याला बातमी खोटी किंवा एकतर्फी वाटली त्यानं तक्रार मांडायची, बातमीदारानं उत्तर द्यायचं, पंचांनी निकाल. तो विरुद्ध गेला तर बातमीदारानं स्वतःच्या हातानं दिलगिरी लिहायची, ती पहिल्या पानावर छापायची, आणि वर काही महिने त्याच्या बातमीवर त्याचं नाव नाही. पंच कुणाच्या नात्यातला निघाला, तर त्यानं नातं सांगून उठायचं आणि समोरच्या बाकावर बसायचं. वसईच्या गावांत कोण कुणाचा कोण लागत नाही? एकदा एका बँडवाल्याच्या तक्रारीला पाचही पंच उठले आणि सरांनी सगळ्यांना चहा पाजून सभा संपवली.

त्या पावसानंतर थोड्याच दिवसांत रोवेना पंचांत आली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तिच्यापाशी चालत नसे, आणि ते साऱ्या गावाला माहीत होतं.

सोमवारी अल्पेश खरंच शाळेच्या फाटकाशी बातमी घेऊन उभा राहिला. तिनं लाल पेनानं पान रंगवून दिलं. पुढच्या आठवड्यात तो आदल्या अंकातली बातमी घेऊन आला, मग त्याच्या आदल्या अंकातली. दोघं शाळेजवळच्या, चर्चसमोरच्या बेकरीच्या बाकावर बसत, नानकटाई खात, आणि पानावर लाल खुणांबरोबर तुपाचे डागही पडत.

“तुमचं लाल पेन कधी संपतच नाही का?” एकदा त्यानं विचारलं.

“तुमच्या चुका संपल्या की संपेल.”

“मग मला काही घाई नाही.”

तिनं मान वर केली. तो नानकटाईकडे बघत होता, फार लक्ष देऊन. त्या दिवशी तिनं एक चूक पाहूनही सोडून दिली – आयुष्यात पहिल्यांदा.

अल्पेश चंदनसारला आईबरोबर फ्लॅटमध्ये राहत असे. शेती तिकडे चांदीपला, काकांकडे. त्याच्या आईला बातम्यांचा कंटाळा होता, पण मुलाचं नाव छापून आलं की मजल्यावरच्या सगळ्या घरांत अंक फिरवल्याशिवाय तिला जेवण जात नसे. रोवेनाचे पप्पा आल्बर्ट हे बागायतदार, केळीच्या घडासारखे भरगच्च आणि गप्प. घरात रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना. दोन घरांमध्ये अंतर किती, हे दोघांनाही कळत होतं, म्हणून तो विषय ती दोघं काढत नसत. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. गावाला काही ठाऊक नव्हतं... निदान त्या दोघांची तशी समजूत होती.

मेच्या एका संध्याकाळी दोघं समुद्रावर, सुरूच्या बनात गेली होती. अंक रात्री छापायला जायचा होता. टँकरवाले बावखलांचं, म्हणजे गावच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांचं, पाणी उपसून विकतात, अशी बातमी अल्पेशनं लिहिली होती, आणि त्यात आत्माराम या टँकरवाल्याचं नाव होतं. त्याला विचारायचं तेवढं राहिलं होतं. अल्पेशनं वाळूत उभं राहून फोन लावला. कुणी उचलला नाही. परत लावणार, तोच रोवेना चपला हातात घेऊन लाटेत शिरली, मागे वळली आणि नुसती हसली. फोन खिशात गेला. तो परत बाहेर निघालाच नाही.

महिन्याच्या सभेला आत्माराम आला. खाडीकाठचा माणूस, पांढरा सदरा घालून आलेला.

“मी पानी इकतो, चोरत नाय,” तो म्हणाला. “बावखल माजे आज्यानं खनलेलं हाय. उन्हाळ्यात आख्ख्या आळीला फुकट देतो. यानं मना इचारलं असतं त सांगतला असता.”

फोन केला होता, अल्पेश म्हणाला. उचलला गेला नाही. किती वेळा केला, सरांनी विचारलं. एकदाच. मग परत का नाही केला?

अल्पेश म्हणाला, “राहून गेलं, सर.”

दोन पंच म्हणाले, फोन केला म्हणजे विचारलंच की. दोघं म्हणाले, एका फोनला विचारणं म्हणत नाहीत. मग सगळ्यांच्या माना रोवेनाकडे वळल्या. तिच्या एका मतावर त्याचं नाव राहणार होतं किंवा जाणार होतं, आणि ते का राहून गेलं हे त्या अंगणात दोघांनाच ठाऊक होतं. तो तिचं नाव वाचवायला गप्प होता. मागच्या रांगेत पप्पा बसले होते. आपण गप्प बसून त्याच्या बाजूनं मत दिलं तर तो वाचेल, एवढंच तिला दिसत होतं. आणि तसा वाचलेला अल्पेश आपल्याला नको आहे, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

ती उठली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली.

सरांनी चष्मा काढला. “रोवेना, भोईर तुझ्या नात्यात कुठून आला?”

“नात्यात नाही, सर... अजून तरी नाही.” ती थांबली नाही. “त्या संध्याकाळी तो माझ्याबरोबर होता. दुसरा फोन माझ्यामुळे राहिला. मी त्याच्या बाजूची आहे, म्हणून मला निकाल देता येणार नाही.”

उरलेल्या चारही पंचांनी आत्मारामच्या बाजूनं हात वर केले. अल्पेशनं आत्मारामसमोर जाऊन हात जोडले. रोवेनानं मागे वळून पाहिलं तेव्हा पप्पांची खुर्ची रिकामी होती.

तो आठवडा रोवेना कधी विसरली नाही. घरात सगळे बोलत होते, पण मिठाबद्दल आणि पाण्याच्या मोटरबद्दल. पप्पा तेही बोलत नव्हते. अल्पेशचाही फोन आला नाही. नाव गेलं, आता माणूसही गेला, असं तिच्या मनानं घेतलं.

रविवारी मिस्सा सुटल्यावर पप्पांनी फाटकाशी अंक विकत घेतला, तिथंच उघडला आणि वाचला. त्यांच्या खांद्यावरून रोवेनानंही वाचलं.

‘टँकरच्या बातमीसाठी आम्ही आत्माराम यांना एकच फोन केला. दुसरा करायला हवा होता, घरी जायला हवं होतं. बावखल त्यांचं आहे आणि उन्हाळ्यात आळीला ते फुकट पाणी देतात, हे आमच्या चुकीमुळे छापायचं राहिलं. याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. त्या संध्याकाळी आमचं लक्ष कुठं होतं, ते सभेत सर्वांसमोर सांगितलं गेलं आहे. त्याबद्दल मात्र आम्ही दिलगीर नाही.’

खाली नाव नव्हतं. छापायला बंदीच होती.

पप्पांनी मजकूर दुसऱ्यांदा वाचला. मग अंकाची नीट घडी घातली.

“जिथं दिलगीर व्हायचं तिथं झालाय,” ते म्हणाले. “जिथं नाही, तिथं नाही.” त्यांनी रस्त्यापलीकडे नजर टाकली. तिथं बेकरीच्या पायरीवर अल्पेश कधीपासून उभा होता. “ऊन लागतंय त्याला. जेवायला घरी घेऊन ये.”